तेरड्याची गवर : बांधावरचं रानफूल देवी कसं झालं?

गणपती बसून दोन-तीन दिवस झाले की कोकणातल्या वाड्यावाड्यांत बायकापोरींची वेगळीच लगबग सुरू होते. आरतीचा आवाज, टाळ-मृदंग, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या गप्पा हे सगळं चालू असतंच. पण त्यातून वाट काढत चार-सहा जणी सूप किंवा ताम्हन घेऊन निघतात. कुणी नदीकडे, कुणी पऱ्याकडे, कुणी शेताच्या बांधाकडे. 'गवर आणायची' असते. ही गवर मूर्तिकाराकडून आणायची नसते. ती बांधावर उभी असते, गुडघा-मांडीएवढ्या उंचीची, गुलाबी-जांभळ्या फुलांनी लगडलेली. तेरडा!

रायगड आणि रत्नागिरीच्या बऱ्याच गावांत, माणगाव-म्हसळा-महाड-पोलादपूरपासून खाली खेड-चिपळूण-संगमेश्वरपर्यंत, गौरी म्हणजे मुळासकट उपटून आणलेल्या तेरड्याच्या रोपांची जुडी. तिला साडी नेसवतात, मुखवटा लावतात, नथ-मंगळसूत्र घालतात. कुठे मुखवटा पितळेचा, कुठे मातीचा, तर कुठे कागदावर छापलेला. पण आत असतो तेरडाच. गेल्या काही वर्षांत तयार उभ्या गौरी, फायबरचे हात-पाय, स्टँड असं सगळं तालुक्याच्या बाजारात मिळायला लागलं आहे. तरीही अनेक घरांत त्या सजवलेल्या उंच गौरीच्या पायाशी तेरड्याची चार रोपं ठेवल्याशिवाय पूजा सुरू होत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'ती खरी गवर.'

आता प्रश्न असा की पावसाळ्यात कुठेही उगवणारं, कुणी न लावलेलं, पावसाळा सरला की वाळून जाणारं हे रोप देवी झालं कसं? कमळ, जास्वंद, पारिजातक, केवडा यांच्याबद्दल पुराणांत कथा आहेत. तेरड्याला तसा मान नाही. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींच्या प्रचलित यादीतही तो सापडत नाही. त्या यादीत दूर्वा आहे, आघाडा आहे, शमी आहे, धोत्रा आणि रुईसुद्धा आहे. तेरडा नाही. म्हणजे पोथीने त्याला वगळलं आणि बायकांनी थेट देव्हाऱ्यात नेऊन बसवलं.

मुळं म्हणजे पावलं

गौरी आणायची पद्धत नीट पाहिली की यातला अर्थ उलगडायला लागतो. तेरडा तोडून आणत नाहीत, उपटून आणतात. फांदी खुडून चालत नाही. मुळं हवीत, आणि तीही शाबूत. तेरड्याचं खोड पाणीदार, जवळजवळ काचेसारखं असतं आणि बुंध्याकडे त्याला तांबूस झाक असते. माती धुतली की खालची मुळं ओली, नाजूक, आळता लावल्यासारखी दिसतात. ही मुळं म्हणजेच गौरीची पावलं, असं मानतात. देवी चालत येते, तिला पाय हवेत. फुलांच्या परडीला पाय नसतात. म्हणूनच नुसती फुलं आणली तर ती पूजेची फुलं झाली, रोप आणलं तर ती गवर झाली. इतका साधा हा फरक आहे आणि सगळा अर्थ त्यातच आहे.

पाणवठ्यावर मुळं धुतात, हळद-कुंकू लावतात, जुडी सुपात किंवा ताम्हनात ठेवतात. आणणारी बहुतेक ठिकाणी कुमारिका नाहीतर माहेरवाशीण. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, असा दंडक अनेक घरांत आजही पाळला जातो. दारात आल्यावर तिच्या पायांवर दूध-पाणी घालतात, तुकडा ओवाळून टाकतात. मग उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं उमटवत तिला घरभर फिरवतात. आली कशी, असं घरातल्या बाईने विचारायचं आणि सोन्यारुप्याच्या पावलांनी आली, असं आणणारीने सांगायचं. स्वयंपाकघर, कणगी, गोठा, पैशाची पेटी सगळं तिला दाखवायचं. नव्याने आलेल्या पाहुणीला घर दाखवतात तसंच, फरक इतकाच की ही पाहुणी नसून घरचीच लेक असते.

या सगळ्याला नक्षत्रांचं वेळापत्रक आहे. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. मधल्या दिवसाच्या नक्षत्रावरून 'ज्येष्ठा गौरी' हे नाव पडलं. तिथी पुढेमागे होते, नक्षत्र चुकत नाही. म्हणूनच कधी गौरी गणपतीनंतर तीन दिवसांत येतात, कधी चार दिवस थांबतात, आणि मुंबईत रजा टाकणाऱ्यांची दरवर्षी तारांबळ उडते.

पहिल्या दिवशी तिच्यापुढे थाटमाट नसतो. भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य असतो. चालून दमून आलेल्या लेकीला घरात असेल ते आधी वाढायचं, एवढाच त्यामागचा भाव. दुसऱ्या दिवशी मात्र कौतुक, कोकणात घावन-घाटलं, घाटावर पुरणपोळी. कोकणातल्या अनेक समाजांत या दिवशी गौरीला तिखटाचा म्हणजे मटण-मासळी-चिंबोऱ्यांचा नैवेद्य असतो आणि तेवढ्या वेळेपुरता शेजारच्या गणपतीपुढे पडदा ओढतात. मुलगा शाकाहारी, आई माहेरी आलेली! यावर नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की माहेरी आलेल्या मुलीला तिच्या आवडीचं खायला घालणं हाच या सणाचा गाभा आहे.

रान, खडा आणि म्हातारी

तेरडा सगळीकडे नाही. एकाच गावात दोन आळ्यांच्या दोन रीती दिसतात. काही घरांत खड्याच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे मुक्याने आणायचे आणि त्यांची पूजा करायची. मराठवाडा-विदर्भात महालक्ष्म्या म्हणून दोन उभ्या मूर्ती बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. कोल्हापूरकडे गौरीपाठोपाठ शंकरोबा येतो, बायकोला न्यायला आलेला जावई म्हणून. कुठे धान्याच्या राशीवर मुखवटा, कुठे कळशीवर. वरवर पाहता या पद्धतींचा एकमेकींशी संबंध नाही असं वाटेल. पण खडा असो वा तेरडा, दोन्ही पाण्याच्या काठावरून येतात, दोन्हींना बाजारात किंमत नसते आणि दोन्ही पुन्हा पाण्यातच जातात.

ज्येष्ठा गौरीची जी कहाणी श्रावण-भाद्रपदात घरोघर वाचली जाते, तिच्यातही हेच आहे. गावात सगळ्यांकडे गौरी आल्या, पण एका गरीब घरात काहीच नाही. पोरं आईकडे हट्ट धरतात, आई बापाकडे बोट दाखवते, बापाच्या हाती पैसा नाही. तो जीव द्यायला तळ्यावर जातो. तिथे त्याला एक म्हातारी भेटते, ती त्याच्याबरोबर घरी येते. घरात नसलेले दाणे मडक्यात सापडतात, पोरं पोटभर जेवतात, दुसऱ्या दिवशी गाई-म्हशी हंबरत येतात. म्हातारी निघते तेव्हा वाळू देते आणि सांगते, ही घरभर टाक, हांड्या-मडक्यांवर टाक, गोठ्यात टाक. ती म्हातारी म्हणजेच गौर, हे सांगायला नको.

या कहाणीतली वाळू आजही चालू आहे. गौरी विसर्जन करून परतताना नदीकाठची मूठभर वाळू किंवा माती आणायची आणि ती घरात, कणगीवर, परसातल्या झाडांवर टाकायची ही रीत खूप गावांत आहे. तसेच पूजेतले हळदीत भिजवलेले, गाठी मारलेले सुताचे दोरे बायका गळ्यात बांधतात. सोळा पदर, सोळा गाठी. पण दोऱ्यापेक्षा वाळू जास्त बोलकी आहे. देवी जाताना सोनं ठेवून जात नाही, काठावरची माती ठेवून जाते. भातशेती करणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुरानंतर शेतात बसलेला गाळ पुढच्या पिकाला काय देतो ते त्याला ठाऊक असतं.

पुराणांच्या अंगाने पाहिलं तर ज्येष्ठा हे नाव थोडं अडचणीचं आहे. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी निघालेली तिची थोरली बहीण ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी, जिला घरात कुणी थारा देत नाही, अशी कथा पुराणांत येते. गौरीचा आणि तिचा संबंध जोडायचा की नाही यावर अभ्यासक वाद घालत बसोत. कोकणातली बाई तो जोडत नाही. तिच्या लेखी गवर म्हणजे पार्वती, गणपतीची आई, माहेराला आलेली. तरी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. शेतकऱ्याच्या हिशेबात तेरडा हे तण आहे. एरवी बांध साफ करताना ज्याला कोयती लावायची, त्यालाच या तीन दिवसांत पाय धुऊन घरात घ्यायचं.

वनस्पतीलाच देवी मानण्याची ही रीत फक्त कोकणापुरती नाही. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सप्तमीला नऊ वनस्पतींची जुडी बांधतात, नदीवर न्हाऊ घालतात, लालकाठी साडी नेसवतात आणि गणपतीच्या शेजारी उभी करतात. तिला नवपत्रिका म्हणतात. तिथे केळीचं रोप पुढे असतं, इथे तेरडा. शाकंभरी या देवीच्या नावातच शाक म्हणजे भाजीपाला आहे. मूर्ती घडवण्याच्या कितीतरी आधी देवी पाल्यात पाहिली जात होती, असं मानायला यामुळे जागा होते. फरक एवढाच की नवपत्रिकेचे मंत्र पुरोहित म्हणतो, तर तेरड्याच्या गवरीला आणण्यात पुरोहिताचं काही काम नसतं. आणणं, धुणं, नेसवणं, जागवणं, पोचवणं सगळं बायकांकडे. रात्री फुगड्या, झिम्मा, फेर धरून नाच. ज्या काळात बाईला मनमोकळं नाचायला दुसरी जागा नव्हती त्या काळात हा एक हक्काचा दिवस होता.

तेरड्याचा रंग तीन दिवस

ही म्हण सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि ती नेहमी टोमणा म्हणूनच वापरली जाते. नव्या नवलाईचं कौतुक फार दिवस टिकत नाही, असा तिचा अर्थ. नवीन सुनेबद्दल, नव्या पुढाऱ्याबद्दल, नव्या योजनेबद्दलही ती ऐकू येते. पण गौरी तीनच दिवस राहतात हे आठवून ही म्हण पुन्हा ऐकली तर तिचा सूर बदलतो.

तेरड्याचं एक फूल दोन-चार दिवसांत गळून पडतं हे खरं. रोपाचं आयुष्यही एका पावसाळ्याचं. मृगाच्या सरींनी रुजायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं, दसरा-दिवाळीपर्यंत बी टाकून वाळून जायचं. बारमाही टिकणारं, लाकूड धरणारं असं त्याच्यात काही नाही. वड-पिंपळात माणसाने चिरंतनाची खूण पाहिली. कमळात चिखलात राहूनही अलिप्त असण्याची. तेरड्यात यातलं काहीच नाही. तो चिखलातच उगवतो, चिखलातच पडतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा येतो. अलिप्त नाही, चिरंतन नाही. पण परत येणारा आहे. सासरी गेलेल्या लेकीकडून घर आणखी काय मागतं? तिने कायमचं राहावं असं नाही. तिने दरवर्षी यावं.

लग्न झालेल्या मुलींसाठी कोकणात या दिवशी ओवसा किंवा ववसा असतो. बांबूच्या सुपांत पानं, फळं, सुपारी, विडे भरून ती सुपं गौरीपुढे ओवाळायची, मग घरातल्या थोरामोठ्यांना द्यायची आणि त्यांनी तिच्या हातावर काहीतरी भेट ठेवायची. लग्नानंतरचा पहिला ओवसा कधी करायचा याचाही नियम आहे. सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी आल्या तरच तो होतो. त्या वर्षी 'यंदा पूर्वा गौरी आहेत' ही बातमी महिनाभर आधी गावभर होते, बुरुडाकडे सुपांची मागणी वाढते, आणि दोन-तीन वर्षं वाट पाहिलेल्या नव्या सुना एकदम ओवशाला बसतात. इथेही मध्यभागी साडी नेसलेली तेरड्याचीच जुडी असते.

तेरड्याबरोबर आणखीही रानफुलं येतात. त्यात ठसठशीत म्हणजे कळलावी. आगीच्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या पाकळ्या, आधी पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. काही भागांत तिला गौरीचे हात म्हणतात. सिंधुदुर्ग-गोव्यात गणपतीवर जी माटवी किंवा माटोळी बांधतात तिच्यातही कळलावी, कवंडळ अशी रानची संपत्ती टांगतात. मात्र इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. कळलावीचं सगळं झाड विषारी आहे, त्यातही कंद जास्त. पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. पूजेनंतर ती लहान पोरांच्या आणि गुरांच्या तोंडाशी राहणार नाही याची काळजी घ्यावी. तेरड्याबाबत तशी भीती बाळगायचं कारण नाही, पूर्वी पोरी त्याची फुलं वाटून नखं रंगवत. गुलमेंदी हे त्याचं दुसरं नाव त्यावरूनच आलं, आणि मेंदीला रंग देणारं द्रव्य तेरड्यातही सापडतं.

उतावीळ शेंग

तेरड्याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स बालसमिना. लिनियसने १७५३ साली ते दिलं. इम्पेशन्सचा अर्थ उतावीळ. पिकलेल्या शेंगेला बोट लागायचा अवकाश, ती फटकन फुटते, सालीच्या पट्ट्या गुंडाळल्या जातात आणि बी हातभर लांब उडतं. कोकणातल्या प्रत्येक पोराने लहानपणी हा खेळ खेळलेला असतो. या कुळाच्या भारतात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांची मोठी घरं दोन, सह्याद्री आणि ईशान्येकडची डोंगररांग. साताऱ्याच्या कास पठारावर सप्टेंबरमध्ये जो गुलाबी गालिचा पाहायला गर्दी लोटते, त्यातही तेरड्याचीच एक ठेंगणी बहीण असते. कासचा समावेश २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांमध्ये झाला. तिथे फुलावर पाय पडू नये म्हणून कुंपण घातलं गेलं, तिकीट लावलं गेलं. गावच्या बांधावरच्या तेरड्याला कुंपण नाही.

आणि इथेच खरी अडचण आहे. पूर्वी बांध विळ्या-कोयतीने साफ व्हायचे. कापताना चार रोपं राहायची, कापलेली पुन्हा फुटायची. आता मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, म्हणून बांधावर आणि आंबा-काजूच्या बागांत तणनाशकाचा पंप फिरतो. ग्लायफोसेटसारखं औषध गवत आणि तेरडा यांत फरक करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फवारणी झाली की तेरडा उगवूनही फुलापर्यंत पोचत नाही. फुलला नाही तर बी नाही, आणि एका पावसाळ्याच्या रोपाला बी हाच एकमेव वारसा. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, त्याचाही हिशेब पोटाचा आहे. पण एका मोसमात गेलेला बांध पुढच्या मोसमात आपोआप गुलाबी होत नाही, हेही तितकंच खरं.

फवारणी एकटी नाही. रस्ते रुंद झाले तसे रस्त्याकडेचे ओलसर काठ मुरुमाखाली गेले. सड्यांवर चिऱ्याच्या खाणी आल्या. उलट काही गावांत शेतीच पडीक पडली, तिथे आधी गवत आणि मग झुडपं इतकी माजतात की उघड्या ओल्या जागेत वाढणाऱ्या तेरड्याला ऊनच मिळत नाही. म्हणजे शेती फार झाली तरी तेरडा जातो आणि शेती सुटली तरी जातो. तो माणसाच्या वावराच्या काठाकाठाने जगणारा आहे.

विसर्जन बदललं त्याचाही परिणाम आहे, जो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गौरीच्या वेळी तेरड्यावर फुलं असतात, तशाच खालच्या बाजूला भरत आलेल्या शेंगाही असतात. गावच्या पऱ्यावर किंवा ओहोळाच्या काठी गवर पोचवली की त्यातलं काही बी तिथल्याच ओल्या मातीत सांडायचं. रीत पाळता पाळता पेरणीही व्हायची. आता मोठ्या गावांत आणि शहरांत गौरी हौदात किंवा समुद्रात जाते, निर्माल्य गाडीत जातं. निर्माल्याचं खत होतं ही चांगलीच गोष्ट आहे, पाणवठे स्वच्छ राहतात. फक्त ते बी बांधावर परतत नाही.

मुंबईत तेरडा विकत मिळतो. दादरच्या फूलबाजारात गौरीच्या आदल्या दिवशी रायगड, ठाणे, पालघरकडच्या आदिवासी बाया रानातून आणलेल्या जुड्या घेऊन पहाटेपासून बसलेल्या असतात. त्यांना त्यातून सणाचे चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. अलीकडे मात्र तालुक्याच्या गावीही तेरडा विकायला दिसू लागला आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं तो विकत घेताना दिसतात. ज्या गवरीची सगळी गोष्टच 'पैसा नव्हता म्हणून काठावरून आणली' अशी आहे, तिच्यासाठी जुडीचा भाव करावा लागणं जरा विचित्र वाटतं.

काही ठिकाणी यावर सोपा तोडगा म्हणून रोपवाटिकेतला दुहेरी पाकळ्यांचा, गुलाबासारखा गच्च तेरडा कुंडीत लावतात. दिसायला छान. जात तीच, त्यामुळे पूजेला चालतो की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण बांधावर टिकाव धरतो तो एकेरी पाकळ्यांचा रानातलाच. त्याच्या लांबट शेपटीत मध असतो आणि त्यासाठी भुंगे-फुलपाखरं येतात. गच्च फुलात त्यांना वाट सापडणं अवघड जातं.

रानतेरडा परत आणायला योजना लागत नाही, अनुदानही लागत नाही. बांधाचा एखादा कोपरा, पऱ्याच्या काठची दोन-चार वाव जागा फवारणीतून सोडली तरी पुरते. गौरीसाठी उपटताना एकाच जागची सगळी रोपं न घेता भरदार शेंगांची चार उभी ठेवायची. घटस्थापनेच्या आसपास शेंगा पिकतात. त्या हिरवटपणा उतरून फिक्या पडल्या की फुटण्याआधी मूठ बंद करून खुडायच्या किंवा रोपावरच कागदाची पिशवी बांधून ठेवायची. बी लहान, काळपट-तपकिरी, गोल असतं. कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवलं की झालं. पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस पडून माती भिजली की ते ओल्या, उघड्या जागी नुसतं फेकायचं, वर बोटभरही माती नको. साधारण दोन महिन्यांत पहिलं फूल येतं. म्हणजे मिरगात टाकलेलं बी बरोबर गवरीच्या वेळेला फुलतं.